पूर्ववत

माझं काम भिंती वाचायचं.
हातात विजेरी, खिशात मोजपट्टी
आणि बत्तीस रकान्यांचा एक कागद.
घर दिलं होतं तसंच परत आलं का,
एवढंच तो विचारतो.

कोकुरातली ही तिसऱ्या मजल्यावरची जागा
किनुए हिरामात्सु सोडत होत्या, एकोणीस वर्षांनी.
शाळेच्या भटारखान्यात उभं राहून गुडघे गेले,
आता मुलीकडे, ओइताला.
रिकाम्या खोलीत त्या पायमोज्यांवर उभ्या होत्या
तोंडी परीक्षेला आलेल्या पोरीसारख्या.

सगळं सामान गेलं नव्हतं.
एक दांडा उरला होता, जमिनीपासून छतापर्यंत,
ना खिळा ना स्क्रू,
पोटातल्या स्प्रिंगच्या जोरावर ताठ.
"ह्याच्यावर माझा संसार," बाई म्हणाल्या.
"छत्री, टोप्या, मुळा वाळवायची जाळी,
ह्यांचा कोट.
कोट जड. थंडीत लोखंड आकसतं,
मग मध्यरात्री दांडा धाडकन खाली
आणि मी उठून बसायचे.
वाटायचं, आले."

स्वयंपाकघरात त्यांनी निळा कागद लावला होता.
आधी साधी टेप, तिच्यावर दुहेरी चिकटपट्टी,
म्हणजे सोलताना भिंतीचं काही जाऊ नये.
शेवटचा कोपरा माझ्यासमोर काढला,
भाजलेल्या रताळ्याची साल काढावी तसा.
आतून आमच्या कंपनीची पांढरी फरशी निघाली,
कालच बसवल्यासारखी,
जराशी बावळट.

मूळची सरकती दारं
वर्तमानपत्रांत गुंडाळून कपाटामागे जपलेली,
ती पुन्हा खाचेत बसवली होती.
त्या दारांना बाई ठाऊकच नव्हत्या.

बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक चौकोन
बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ.
मी थांबलो तशा बाई कावऱ्याबावऱ्या:
"कॅलेंडर. दरवर्षी नवं, जागा तीच."
म्हटलं, हे उन्हाचं काम.
उन्हाचे पैसे आम्ही लावत नाही.

एकतिसावा रकाना. बत्तिसावा.
अनामत रक्कम पूर्ण परत, असं लिहून
मी सही करणार,
तेवढ्यात त्या म्हणाल्या, "एक राहिलं."

कपाटात, आत, अगदी खाली,
दुखऱ्या गुडघ्यांवर टेकून त्यांनी बोट ठेवलं.
मला काही दिसेना.
विजेरी तिरकी धरली, तेव्हा दिसलं.
तिळाएवढं छिद्र,
शिताच्या खळीनं बुजवलेलं,
वर नखानं गुळगुळीत केलेलं.

"काय टांगलं होतं?"
"काही नाही.
फार राग आला होता. कुणाचा, ते आता आठवत नाही.
ह्या घरात एक तरी खिळा ठोकायचा होता.
ठोकला. रात्रभर ठेवला.
सकाळी उपटला."

म्हटलं, जाऊ द्या, इतकं कोण बघतं.
"तुम्ही बघता," त्या म्हणाल्या. "लिहा."

मग मी लिहिलं.
रकाना सव्वीस: कपाट, आतील बाजू, छिद्र, एक.
कारण: भाडेकरू.
आठशे येन.

त्यांनी नाणी मोजून दिली, पावती मागून घेतली,
दूर धरून वाचली, जवळ आणून वाचली,
आणि चार घड्या घालून चष्म्याच्या डबीत ठेवली.
इतकी वर्षं मी पावत्या फाडतोय.
लोक वाद घालतात, कधी रडतात,
एक जण अंगावर धावून आला होता.
पावती अशी जपून ठेवलेली पाहिली नव्हती.

शेवटी दांडा.
त्याला पीळ दिला तशी स्प्रिंग सैलावली,
छतावर रबराचा गोल ठसा उरला.
मी वर पाहिलं नाही.
निदान कागदात तसंच आहे.

खाली उतरताना तोच दांडा, आखूड केलेला,
बाईंनी काठीसारखा टेकला.
कुलूप लावत मी ऐकत होतो,
तीन मजले,
प्रत्येक पायरीवर एक ठोका.